फिट्सच्या औषधावर असलेल्या मुलांना व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉलिक वगैरे कोणी देतंय का?

घोडपदेवची_आई
सोमवार, रात्री ११:४२

नमस्कार. बरेच महिने नुसती वाचत होते, आज लिहायलाच बसले कारण डोकं भणभणलंय. माझा मुलगा ७ वर्षांचा, दुसरीत आहे. साडेचार वर्षांचा असताना पहिली फिट आली, पहाटे झोपेत, मग ईईजी, एमआरआय सगळं झालं आणि कार्बामाझेपिन चालू केलं. त्याला आता अडीच वर्षं झाली. शेवटची फिट गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आलेली, त्यानंतर एकही नाही, त्या बाबतीत देवाची कृपा.

पण गेले तीन-चार महिने पाय दुखतात म्हणतो. सकाळी पलंगावरून उतरला की पहिली दहा पावलं भिंतीला हात लावत टाकतो, त्याचे आजोबा टाकतात तशीच. जिना चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची. पीटीच्या तासाला बसून राहतो म्हणून डायरीत दोनदा शेरा आला आणि मी त्यालाच ओरडले, आता फार वाईट वाटतंय. सासूबाई म्हणाल्या वाढीचं वय आहे, रोज रात्री तेल लावून चोळतात, मीपण तेच धरून चालले होते. शेवटी जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. आज रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी ८.६, कॅल्शियम ८.३, अल्कलाइन फॉस्फेटेज ९१२. डॉक्टर म्हणाले डी कमी आहे, सॅशे द्या, मुंबईत सगळ्यांचंच कमी असतं. फिटचं औषध चालू आहे हे मी त्यांना सांगितलंच नाही, डोक्यातच आलं नाही की त्याचा काही संबंध असेल.

घरी आल्यावर शेजारच्या ताईंनी त्यांच्याकडचे ६०,००० वाले सॅशे आणून दिले, म्हणाल्या रोज एक दे, महिन्याभरात पळायला लागेल. न्यूरोची म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे. तर विचारायचं हे की औषधामुळे असं होतं का? आणि सॅशे चालू करू का?

---

मुलुंडचा_बाबा
सोमवार, रात्री ११:५८

ताई, आधी ते सॅशे कपाटात ठेवा. रोज नाही, अजिबात नाही. सविस्तर उद्या लिहितो, पण हे आत्ताच वाचा म्हणून टाकतोय.

---

शिवडी_औषधवाला
मंगळवार, सकाळी ७:१५

वरच्यांशी सहमत. मी २२ वर्षं काउंटरवर उभा आहे, हा सॅशेचा घोटाळा सारखा बघतो. ६०,००० युनिटचं सॅशे किंवा कॅप्सूल साधारण आठवड्यातून एकदा घ्यायची असते, तीही ठरावीक आठवडे, आणि मुलाला किती हे डॉक्टरांनीच ठरवायचं. लहान मुलाची रोजची नेहमीची गरज एक वर्षाच्या आतल्या बाळाला ४०० युनिट आणि मोठ्या मुलांना ६००. आता ६०,००० ला ६०० ने भागा, एका पुडीत शंभर दिवसांचं आहे. लोकांना वाटतं व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं तर लघवीवाटे जाईल. बी आणि सी ला ते बरंचसं लागू आहे, डी ला नाही. डी चरबीत साठतं.

आणि एक. औषध घ्यायला याल तेव्हा केमिस्टला सांगा की मुलगा फिटच्या गोळीवर आहे. कोणी सांगत नाही. लपवायचं काय आहे त्यात.

---

ठाण्याची_मावशी
मंगळवार, सकाळी ९:३०

माझ्या भाच्याच्या बाबतीत हेच झालंय म्हणून लिहिते. त्याला फेनिटॉइन चालू होतं, डी कमी निघालं, डॉक्टरांनी चिठ्ठीवर आठवड्यातून एक असंच लिहिलं असणार, पण अक्षर लागेना, दुकानातल्या मुलाने पाकिटावर पेनने सकाळी १ असं लिहून दिलं आणि बहिणीने १९ दिवस रोज दिलं. पोरगं ओकायला लागलं, पोट साफ होईना, आणि तहान एवढी की रात्री उठून उठून तांब्याने पाणी प्यायचं आणि दर तासाला बाथरूम. आम्हाला वाटलं उन्हाळा आहे. रक्तातलं कॅल्शियम १३ च्या वर गेलेलं, पाच दिवस सलाइनवर ठेवलं, किडनीची सोनोग्राफी झाली. वाचला, आता ठीक आहे. पण ते १९ रिकामे सॅशे बहिणीने अजून डब्यात ठेवलेत, टाकवत नाहीत तिला.

घोडपदेवची_आई, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत.

---

आहारवाली_दादर
मंगळवार, दुपारी २:०५

मी आहारतज्ज्ञ आहे, लहान मुलांबरोबरच काम करते. डॉक्टर नाही, तेव्हा डोस सांगणार नाही, पण हे का होतं ते नीट सांगते कारण ते कळलं की पुढचं सोपं जातं.

कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन ही तीन जुनी औषधं लिव्हरमधली एन्झाइम्स वाढवतात. ती एन्झाइम्स औषधं मोडायचं काम करतात, पण एकदा जास्त तयार झाली की समोर येईल ते मोडतात, त्यात व्हिटॅमिन डी पण आलं. म्हणजे मुलगा ऊन घेतोय, दूध पितोय, तरी आत आलेलं डी नेहमीपेक्षा लवकर निकामी होतंय. डी कमी म्हणजे आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. रक्तातलं कॅल्शियम घसरून चालत नाही, हृदय, स्नायू, मेंदू सगळं त्याच्यावर चालतं, म्हणून पॅराथायरॉइड हार्मोन वाढतं आणि हाडातून कॅल्शियम काढून रक्तात टाकतं. तुमच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम थोडंच कमी दिसतंय ते म्हणूनच, बाकीचं हाड भरतंय. फिटच्या औषधाने मुडदूस म्हणजे मुलांची हाडं मऊ पडणं होतं हे १९६० च्या दशकाच्या शेवटापासून माहीत आहे, नवीन काही नाही, पण ओपीडीत एका पेशंटला पाच मिनिटं मिळतात तिथे ते राहून जातं.

अल्कलाइन फॉस्फेटेज म्हणजे हाडांच्या घडणीशी संबंधित एन्झाइम, त्याबद्दल: रिपोर्टवर शेजारी जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती बऱ्याचदा मोठ्या माणसांची असते. वाढत्या मुलांचं मुळातच जास्त असतं, त्यामुळे ३०० बघून घाबरायचं कारण नाही. पण ९१२ मुलांच्या हिशोबानेही जास्त आहे, आणि जोडीला डी ८.६ आणि पाय दुखणं. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ १२ च्या खाली कमतरता धरतात, १२ ते २० अपुरं, २० च्या वर ठीक. तुम्ही पुढच्या महिन्याची वाट बघू नका. न्यूरोच्या ओपीडीत फोन करा, रिपोर्ट दाखवायचाय म्हणा, मधल्या एखाद्या दिवशी घेतात. बहुतेक मनगटाचा एक्स-रे आणि पॅराथायरॉइडची तपासणी सांगतील.

वेळ लावू नका म्हणते त्याला अजून एक कारण आहे. कॅल्शियम फार खाली गेलं तर त्यानेच झटके येतात. मग घरच्यांना वाटतं फिट परत सुरू झाली आणि फिटच्या औषधाचा डोस वाढतो, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

---

कोकणी_मन
मंगळवार, संध्याकाळी ६:४०

रोज सकाळी ७ ला कोवळ्या उन्हात बसवा, गोळ्याबिळ्यांची गरज नाही. आमच्या लहानपणी कुठे होतं हे सगळं.

---

आहारवाली_दादर
मंगळवार, रात्री ८:१०

दादा, भावना कळते, पण कोवळ्या उन्हात डी जवळजवळ तयारच होत नाही. त्याला लागणारे किरण सूर्य वर आल्यावरच खाली पोचतात. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडली पाहिजे, म्हणजे मुंबईत साधारण दहा-अकरा ते दुपारी तीन. काचेतून आलेलं ऊन चालत नाही, खिडकी बंद ठेवून बाळाला उन्हात झोपवलं तर ऊब मिळते, डी नाही. आणि आपल्या मुलांची सावली आखूड असते तेव्हा ती शाळेत बाकावर असतात, पूर्ण बाह्या आणि पायात मोजे. पावसाळ्याचे चार महिने वेगळेच.

औषध चालू असलेल्या मुलाचं नुसत्या उन्हावर भागत नाही हे मी अनुभवाने सांगते. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये डी बद्दल मार्गदर्शन काढलं होतं, त्यात फिटच्या औषधांवर असलेल्यांना त्यांच्या वयाच्या नेहमीच्या डोसच्या दुप्पट-तिप्पट लागू शकतं असं म्हटलंय. ऊन द्याच, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असलेल्या मुलांच्या आयांनो, या औषधांनी घाम कमी येतो, अंग तापतं. दुपारच्या उन्हात अशा मुलाला जास्त वेळ ठेवू नका, पाणी देत रहा.

---

एक_वाचक_९१
मंगळवार, रात्री ९:२२

एवढे साइड इफेक्ट असतील तर ते औषधच बंद करून टाका ना. आमच्या ओळखीत एक वैद्य पुडी देतात, फिटवर रामबाण आहे, हाडंही मजबूत होतात.

---

मुलुंडचा_बाबा
मंगळवार, रात्री ९:३१

कृपा करून कोणीही असं करू नका. फिटचं औषध एकदम बंद केलं तर थांबतच नाही अशी फिट येऊ शकते, आयसीयू लागतं, जीव जातो. माझ्या मुलीची फक्त दोन दिवसांची गोळी चुकली होती, गावी लग्नाला गेलो तेव्हा बाटली घरीच राहिली, तिसऱ्या दिवशी मांडवात पडली आणि पुढची २५ मिनिटं आम्ही तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत कशी काढली ते मला आठवायचंही नाही. औषधाने हाड कमजोर होत असेल तर हाडाला आधार द्यायचा. बदलायचं असेल तर डॉक्टर हळूहळू दुसरं वाढवत पहिलं कमी करतात, त्यात आठवडे जातात. आणि पुडीत काय आहे हे देणाऱ्यानेच लिहून दिलं नसेल तर मुलाच्या तोंडात घालू नका.

---

शिवडी_औषधवाला
मंगळवार, रात्री १०:०५

+१. बाबांचं बोलणं सगळ्यांनी वाचा.

एक राहिलं होतं. कॅल्शियमची गोळी आणि फेनिटॉइन एकाच वेळी देऊ नका, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर फेनिटॉइन नीट शोषलं जात नाही आणि त्याची रक्तातली लेव्हल पडते. ॲसिडिटीच्या पातळ औषधाचंही तेच. आणि कॅल्शियमच्या डब्यावर १२५० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं ते कॅल्शियम कार्बोनेटचं वजन, त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५००. डॉक्टरांनी ५०० लिहिलं असेल तर दोन्ही आकडे बघून घ्या. कार्बोनेट जेवणाबरोबर चांगलं लागतं, उपाशीपोटी नको.

---

अनाहूत_मैत्रीण
बुधवार, सकाळी ११:००

मी स्वतः पेशंट. आता ३४ वर्षांची, नऊ वर्षांची असल्यापासून औषधावर. सुरुवातीची अकरा वर्षं फेनिटॉइन होतं, त्यातली पहिली नऊ वर्षं कोणीही एकदासुद्धा व्हिटॅमिन डी तपासलं नाही. अठराव्या वर्षी भरलेल्या स्टेशनवर जिन्यावरून घसरले, साधी घसरले, आणि मनगट मोडलं, तेव्हा पहिल्यांदा हाडांची तपासणी झाली. हाडात जे काही भरायचं असतं ते लहानपणी आणि टीनएजमध्ये भरतं, विशीनंतर फारसं वाढत नाही. म्हणून आयांना माझं हात जोडून सांगणं आहे की फिट थांबली म्हणजे झालं असं समजू नका, निदान वर्षातून एकदा डी बघायचं का, कॅल्शियम द्यायचं का हे स्वतःहून विचारा. कोणी चिडलं तर चिडू द्या.

दुसरं, हिरड्या. फेनिटॉइनने माझ्या हिरड्या इतक्या वाढल्या होत्या की सातवी ते दहावी मी तोंडावर हात ठेवून हसायचे, शाळेच्या एकाही फोटोत माझे दात दिसत नाहीत. पुढे कळलं की दिल्लीच्या एम्समध्ये यावर अभ्यास झालाय, २०११ साली छापून आला. फेनिटॉइन नुकतंच सुरू झालेली ६ ते १५ वयाची १२० मुलं घेतली होती, अर्ध्यांना रोज ०.५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, अर्ध्यांना नुसती दिसायला तशी गोळी. सहा महिन्यांनी फॉलिकवाल्या मुलांत २१ टक्क्यांच्या हिरड्या वाढलेल्या आणि दुसऱ्या गटात ८८ टक्क्यांच्या. मी ते वाचलं त्या दिवशी रडले. अर्धा मिलिग्रॅम, एवढीशी गोळी.

---

घोडपदेवची_आई
बुधवार, दुपारी १२:२०

अनाहूत_मैत्रीण, तुमचं वाचून गलबलून आलं. मग फॉलिक आजच सुरू करू का? घरी माझी ५ मिलिग्रॅमची स्ट्रिप आहे, डिलिव्हरीच्या वेळची.

---

अनाहूत_मैत्रीण
बुधवार, दुपारी १२:४५

नाही नाही, थांबा. मीच आधी लिहायला हवं होतं. फिटच्या या जुन्या औषधांनी फोलेट कमी होतं हे खरं, कार्बामाझेपिननेही होतं, पण फॉलिक मोठ्या डोसमध्ये दिलं तर फेनिटॉइनची लेव्हल खाली येते आणि फिट येऊ शकते. म्हणजे ५ आणि ०.५ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. डॉक्टरांना विचारून, त्यांनी सांगितलेल्याच ताकदीची गोळी. आणि जुनी स्ट्रिप टाकून द्या, एक्स्पायरी गेली असेल.

ज्यांच्या मुली वयात येतायत त्यांनी मात्र फॉलिकचा विषय आणि औषध कुठलं चालू आहे हा विषय डॉक्टरांकडे वेळेत काढा. बाळाचा मणका नीट बंद व्हायला फॉलिक लागतं, आणि तो बंद होतो गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत, तेव्हा बाईला कळलेलंही नसतं. व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाने बाळात दोष यायचा धोका बराच जास्त असतो, म्हणून मुलींना दुसरा पर्याय असेल तर ते टाळतात. घरात लाजून हा विषय निघत नाही.

---

लेव्हे_ची_आई
बुधवार, रात्री ९:५०

आमच्या लेकीला लेव्हेटिरासेटम आहे. ते त्या एन्झाइमवाल्या गटातलं नाही, त्यामुळे डी चा त्रास तसा नाही असं सांगितलं, तरी तिचं डी १४ निघालंच, मुंबईच्या इतर मुलांसारखं. आमचा प्रश्न वेगळा होता, चिडचिड. औषध सुरू झाल्यापासून तिसऱ्या आठवड्यात शांत मुलीने डबा भिंतीवर फेकला. डॉक्टरांनी बी६ म्हणजे पायरिडॉक्सिन देऊन बघू म्हटलं, काही मुलांना फरक पडतो, पुरावा फार मोठा नाही हेही त्यांनीच सांगितलं. आम्हाला पडला, सगळा नाही, पण डबे फेकणं थांबलं. मी उत्साहात डोस वाढवू का विचारलं तर ओरडा बसला, बी६ जास्त दिवस जास्त घेतलं तर हातापायाच्या नसा खराब होतात, मुंग्या येतात, आणि फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन चालू असेल तर त्यांची लेव्हलही खाली आणतं.

अर्थात काही बाळं अशी असतात की त्यांची फिटच बी६ ने थांबते, जन्मजात दोष असतो तो, पण ते बहुतेक वेळा तान्हेपणीच कळतं आणि त्यांचं सगळंच वेगळं असतं.

---

बोरिवली_पप्पा
गुरुवार, सकाळी ८:२०

व्हॅल्प्रोएटवाले कोणी असतील तर सांगून ठेवतो. आमचा मुलगा ३ वर्षांचा, व्हॅल्प्रोएट आणि दुसरं एक, असं दोन चालू होतं. अचानक सुस्त झाला, ओकायचा, जेवताना ताटावरच झोपायचा. आम्ही पोट बिघडलं समजून दोन दिवस इलेक्ट्रॉल देत बसलो. रक्तातला अमोनिया वाढलेला निघाला. व्हॅल्प्रोएटने शरीरातलं कार्निटीन (चरबी वापरायला लागणारा घटक) कमी होऊ शकतं, त्याचं सिरप दिलं आणि औषध बदललं. प्रत्येक मुलाला कार्निटीन लागत नाही, दुकानातून आणून पाजू नका, पण मूल व्हॅल्प्रोएटवर आहे आणि सुस्त होऊन ओकतंय तर त्याच दिवशी दाखवा.

---

किटोवाली
गुरुवार, दुपारी ४:३३

किटोजेनिक डाएटवर (फिटसाठीचं भरपूर चरबीचं, अगदी कमी साखर-पिठाचं जेवण) असलेल्या मुलांना मल्टिव्हिटॅमिन आणि कॅल्शियम द्यावंच लागतं, कारण फळं, धान्य, दूध जवळजवळ बंद. पण सिरपमध्ये साखर असते, चवीच्या गोळीतसुद्धा, आणि तेवढ्याने रक्तातले किटोन (चरबीपासून बनणारे, ज्यावर हे डाएट चालतं) पडतात. आम्ही प्रत्येक औषध, अगदी तापाचं सिरपसुद्धा, आधी आहारतज्ज्ञांना फोटो पाठवून मग देतो. गोळी खलबत्त्यात कुटून लोण्यात.

---

घोडपदेवची_आई
१७ दिवसांनी, रविवार, दुपारी १:१५

सगळ्यांना उशिरा कळवतेय, माफ करा. फोन केला, तिसऱ्या दिवशी बोलावलं. मनगटाचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी उजेडावर धरून मला बोटाने दाखवलं, हाडाचं टोक जिथे सरळ रेघेसारखं संपायला हवं तिथे पसरट झालंय आणि कडा पुसल्यासारखी दिसते. सुरुवातीचा मुडदूस. पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेलं. फॅमिली डॉक्टरांना औषधाचं सांगितलं नाही हे मी कबूल केलं तर म्हणाले तुमची चूक नाही, मीच मागच्या दोन व्हिजिटला डी लिहायला हवं होतं. ते ऐकून खूप बरं वाटलं.

आम्हाला दिलेलं लिहिते, पण हे माझ्या मुलाचं आहे, याची कॉपी करू नका: ६०,००० आठवड्यातून एक, फक्त सहा आठवडे, रोज ५०० कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर, तीन महिन्यांनी परत रक्त आणि एक्स-रे. नंतर रोजचा छोटा डोस औषध चालू असेपर्यंत. कार्बामाझेपिन आत्ता बदलत नाहीयेत कारण फिट कंट्रोलमध्ये आहे. फॉलिकचं रक्त तपासलं, ठीक आहे, सध्या काही नाही.

सॅशे दर रविवारी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा रविवारांना मुलानेच लाल गोल केलेत आणि पुडी प्यायली की तो स्वतः फुली मारतो. कपभर दुधात देते. रिकामी पाकिटं मोजून ठेवते, ठाण्याची_मावशी, तुमच्या बहिणीची आठवण येते तेव्हा. शेजारच्या ताईंना त्यांचे सॅशे परत दिले आणि तुमची पोस्ट वाचून दाखवली, त्या स्वतः रोज घेत होत्या! त्यांनाही रक्त तपासायला पाठवलं.

---

आहारवाली_दादर
रविवार, दुपारी ३:००

फार चांगलं झालं. जेवणात नाचणी वाढवा, १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, भाकरी नाही आवडली तर आंबील, लाडू. तीळ. मासे खात असाल तर मांदेली काट्यासकट कुरकुरीत तळून. आणि दुधाच्या पिशवीवर प्लस एफ चं चिन्ह बघून घ्या, त्यात ए आणि डी घातलेलं असतं. उन्हाचं काय केलंत?

---

घोडपदेवची_आई
रविवार, रात्री ८:४०

आमच्या खिडकीसमोर टॉवर उभा राहिलाय, घरात ऊन येतच नाही. गच्चीला कुलूप असतं. सेक्रेटरी काकांना रिपोर्टच नेऊन दाखवला, आधी नाही म्हणाले, मग आज सकाळी स्वतः चावी घेऊन आले. शनिवार-रविवार अकरा ते साडेअकरा. कठड्यापासून लांब, पाण्याच्या टाकीजवळ सतरंजी टाकते आणि मी त्याच्या हाताच्या अंतरावर बसते, फिटचा भरवसा नाही म्हणून. आज तिसऱ्या मजल्यावरची दोन मुलंपण आली. वर जाताना जिन्यात अजून दोन्ही पाय टेकवतो. खाली येताना मात्र आज शेवटच्या चार पायऱ्या एक-एक पाय टाकत उतरला, मी मोजल्या.